जेवणानंतरची गोळी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात आमच्या थोरल्या चुलत्यांची थोडी शेती आहे आणि त्या शेतीत हळद आहे. बाजारात येते तेव्हा हळद देखणी असते. तिच्यामागचे कष्ट मात्र देखणे नसतात. जमिनीतून कंद उकरायचे, माती झाडायची, गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून वेगळी करायची, मग उकडणे, वाळवणे आणि पॉलिश. यातले मोडणीचे काम बहुतांशी बायका करतात, तेही दिवसदिवस उकिडवे बसून. आमच्या मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या चुलतीने, हे काम चाळीस हंगाम केले. साठी उलटताच गुडघ्यांनी त्याचा हिशेब मागितला. गावच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि ‘जेवून घ्या’ असे बजावले. गोळीने गुण आला. तीन वर्षे ती गोळी सकाळ-संध्याकाळ चालू राहिली. मेडिकलवाल्याला पुढे चिठ्ठीही लागेनाशी झाली.

पोटात तिला कधी दुखले नाही. एका माघात, ऐन काढणीच्या दिवसांत, ती अंगणात चक्कर येऊन पडली. दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखे काळे होत होते. पण ही गोष्ट घरात सांगावी असे तिला वाटले नव्हते. नांदेडला नेले, रक्त चढवले. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात खोल व्रण दिसला; तो वाहत होता. ती वाचली. तिसऱ्या दिवशी थोडी हुशारी आल्यावर तिने आम्हांला विचारले, “जेवल्याबिगर कधी गोळी घेतली का रे मी?”

हा प्रश्न साधा नाही. तिने सांगितलेले पथ्य एकदाही मोडले नव्हते आणि तरीही जे टाळण्यासाठी ते पथ्य होते तेच घडले. मग पथ्यच चुकीचे होते काय? असेल, तर ते आले कोठून आणि टिकले कसे? या प्रश्नांचा माग काढताना जो इतिहास आमच्या हाती लागला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ जरा आडवळणाने, पण आमच्याच मुलखातून करतो. हिंगोली एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे होती आणि ती फौज १९०३ मध्ये मोडली जाईपर्यंत या गावाचे महत्त्व त्या छावणीमुळेच होते. याच राज्याच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ साली वेदनाशमनाच्या इतिहासातील एक गाजलेला वाद लढला गेला. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताना मधूनच एखादा रोगी दगावे. तो हृदय थांबून दगावतो की श्वास थांबून? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की धोका श्वासाचा आहे. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका. त्यांच्या पहिल्या आयोगाचा निष्कर्ष विलायतेत कोणी मानेना, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रन्टन या नामांकित औषधशास्त्रज्ञाला हैदराबादेस धाडले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि दुसऱ्या आयोगानेही लॉरींचाच कौल उचलून धरला.

कौल चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, विशेषतः हलक्या गुंगीत, क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवून त्याला थांबवू शकते. लॉरी निष्काळजी मुळीच नव्हते. पण अपाय कोणत्या वाटेने येतो हे त्यांनी चुकीचे ओळखले, आणि म्हणून त्यांनी पहारा चुकीच्या दारावर बसवला. दुखणे शमवणाऱ्या गोळीच्या बाबतीतही नेमके हेच घडले. फरक इतकाच की तेथील पहारा अजून उठलेला नाही.

गोळीची कूळकथा बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा ती थोडक्यात सांगू. ओढ्याकाठी वाढणाऱ्या आपल्या वाळुंजाच्या गोत्रातले ‘विलो’ हे युरोपातले झाड. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने त्याच्या सालीची पूड हिवतापासारख्या ज्वरावर दिल्याचा वृत्तान्त रॉयल सोसायटीला कळवला. १८२८ मध्ये म्युनिकच्या बुखनरने त्या सालीतून सॅलिसिन वेगळे केले. १८७६ मध्ये स्कॉटलंडातील डंडीच्या थॉमस मॅक्लेगन यांनी ते सांध्यांच्या ज्वरावर वापरून त्याचा गुण प्रसिद्ध केला. त्याच सुमारास जर्मनीत सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात स्वस्तात तयार होऊ लागले होते. सांधे धरलेल्या रोग्यांना प्रथमच खात्रीचा उतारा मिळाला. परंतु त्यासोबत जळजळ, मळमळ आणि ओकारीही आली. पोट आणि सांधे यांच्यातले हे भांडण या औषधाइतकेच जुने आहे.

बायर कंपनीतील फेलिक्स हॉफमन यांनी १० ऑगस्ट १८९७ रोजी शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केल्याची नोंद आहे. त्यांच्या वडिलांना संधिवात होता, जुने औषध त्यांना सोसवत नव्हते आणि मुलाने पित्यासाठी पोटाला सौम्य असे औषध शोधले, अशी कथा सांगितली जाते. या शोधामागे आपलीही प्रेरणा होती असा दावा आर्थर आयशेनग्र्यून या त्यांच्या सहकाऱ्याने १९४९ मध्ये केला आणि तो वाद इतिहासकारांत अजून चालतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. १८९९ मध्ये ‘ॲस्पिरिन’ हे नाव धारण करून जी गोळी जगभर गेली ती पोटाला सोसवणारी गोळी म्हणून गेली. आम्लाचा डंख झाकला की पोट सुरक्षित, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे अपाय होतो तो स्पर्शाने, ही समजूत गोळीच्या जन्मापासूनच तिच्या अंगाला चिकटलेली होती.

या समजुतीला डोळ्यांनी पाहिलेला पुरावाही मिळाला. जठरात उतरवता येईल अशी थोडी लवचीक दुर्बीण १९३० च्या दशकात वापरात आली. १९३८ मध्ये डाउथवेट आणि लिंटॉट या लंडनच्या दोघा डॉक्टरांनी ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या जठरात तिच्यातून पाहिले. गोळीचे कण जेथे अस्तराला चिकटले होते तेथे लाली आणि दाह दिसत होता. निरीक्षण खरे होते. ते आजही खरे आहे. त्यातून निघालेले उपायही तर्काला धरून होते. गोळी चुरडून घ्या, भरपूर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर घ्या, पोटात अन्न असताना घ्या. कारखान्यांनी गोळीत क्षार मिसळले, पुढे जठरात न विरघळणारे वेष्टण चढवले. ‘जेवणानंतर’ हा शब्द औषधाच्या पाकिटावर, डॉक्टरांच्या जिभेवर आणि अखेरीस घराघरांत कायमचा जाऊन बसला.

आपल्याकडे तर त्याला रुजायला जमीन तयारच होती. आयुर्वेदात औषधाइतकाच मान अनुपानाला आहे. औषध कशाबरोबर घ्यायचे, दुधाबरोबर की तुपाबरोबर की मधाबरोबर, यावर त्याचा गुण आणि त्याचा उपद्रव दोन्ही ठरतात, ही धारणा आपल्या आज्यांच्या रक्तात भिनलेली होती. सांधेदुखीवर बिब्बा पोटात देताना तुपाचा हात सैल सोडायचा, हे खेड्यातल्या जाणत्या माणसाला सांगावे लागत नसे. तेव्हा विलायती गोळी भाकरीबरोबर घ्यायची यात कोणाला नवल वाटले नाही. उलट, नवे औषध जुन्या शहाणपणाच्या चौकटीत नीट बसले. मोठी आई जेव्हा घास खाऊनच गोळी घेई, तेव्हा ती डॉक्टरांचा शब्द पाळत होती आणि आपल्या सासूचाही.

या चौकटीला तडे जाऊ लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यात. १९४९ मध्ये फिनाइलब्युटाझोन आले, १९६० च्या दशकात इंडोमेथासिन. १९६९ मध्ये इंग्लंडात आयबुप्रोफेन विक्रीस आले आणि १९७० च्या दशकात डायक्लोफिनॅक. रसायने निरनिराळी, कंपन्या निरनिराळ्या. परंतु व्रण मात्र साऱ्यांच्याच पाठोपाठ येत. ऑस्ट्रेलियात डोकेदुखीच्या पुड्या रोज खाणाऱ्या स्त्रियांमध्ये जठरव्रणांचे प्रमाण डॉक्टरांच्या डोळ्यांवर येऊ लागले. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की औषध गुदमार्गे दिले किंवा सुईने दिले तरीही जठरात व्रण होऊ शकत. ज्या औषधाचा कण जठराला शिवलाच नाही ते जठर कसे पोखरते? स्पर्शाच्या सिद्धान्तापाशी याचे उत्तर नव्हते.

उत्तर १९७१ मध्ये आले. लंडनमध्ये जॉन व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ॲस्पिरिन व तिची सारी भावंडे एकच काम करतात: शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्याची क्रिया रोखतात. सुजलेल्या गुडघ्यात ही द्रव्ये वेदना आणि दाह वाढवतात, म्हणून ती रोखली की आराम पडतो. परंतु जठरात तीच द्रव्ये राखणदाराचे काम करतात. त्यांच्यामुळे अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर राहतो, आम्ल मारणारा क्षार पाझरतो, अस्तराला रक्त पुरेसे पोहोचते आणि झिजलेली पेशी भरून निघते. जठरातले आम्ल मांस पचवू शकते. ते जठरालाच का पचवत नाही, या जुन्या कोड्याचा हा मोठा उलगडा होता. गोळी रक्तात उतरते, रक्तातून गुडघ्यात जाते आणि त्याच रक्तातून जठराच्या भिंतीतही पोहोचते. तेथे ती राखणदाराला झोपवते. पुढचे काम आम्ल करते. व्हेन यांना या शोधासाठी १९८२ मध्ये बेर्गस्ट्रोम आणि सामुएलसोन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मोठ्या आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देता येते. भाकरीने स्पर्शाची इजा कमी होते, मळमळ आणि जळजळ कमी होते. पण व्रणाचा खरा धोका रक्ताच्या वाटेने येतो आणि त्या वाटेवर भाकरीचा काही अंमल चालत नाही. वेष्टणाच्या गोळीचेही तेच आणि सुईचेही तेच. ‘गोळीने पोट बिघडते, त्यापेक्षा इंजेक्शनच द्या’ असे म्हणणारी माणसे आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांचा तर्क १९३८ च्या ज्ञानाशी सुसंगत आहे, १९७१ नंतरच्या ज्ञानाशी नाही.

वाट कळली की पहारा कोठे बसवायचा हे कळते. पण तोही एका दिवसात बसला नाही. पहिला विचार सरळ होता. जे द्रव्य हरवले तेच बाहेरून द्यावे. अमेरिकेतील अपजॉन कंपनीचे आंद्रे रॉबर्ट यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की प्रोस्टाग्लँडिन आधी दिले तर जठराचे अस्तर भयंकर माराही सोसते. त्याच धर्तीवर बनवलेल्या मिसोप्रोस्टॉलला १९८८ मध्ये अमेरिकेत वेदनाशामकांमुळे होणारे जठरव्रण रोखण्यासाठी मान्यता मिळाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८,८४३ संधिवाताच्या रुग्णांवर ते सहा महिने तपासले गेले. रक्तस्राव, जठराला भोक पडणे यांसारखे गंभीर प्रसंग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पण औषध दिवसातून चार वेळा घ्यायचे, त्याने जुलाब होत, पोटात मुरडा येई. आणि गर्भपात घडवण्याचा त्याचा गुणधर्म असल्याने गरोदर स्त्रीला ते वर्ज्य. उपाय खरा होता, पण रोज सोसेल असा नव्हता.

दुसरा विचार आम्लाचा. राखणदार झोपला असेल तर निदान चोराचे हात बांधावेत. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आले, मग १९८१ मध्ये रॅनिटिडिन. व्रणाच्या रोग्यांना त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठवले, हे त्यांचे मोठेच उपकार. वेदनाशामक घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र १९८८ च्या सुमारास एक अडचणीची गोष्ट उघड झाली: रॅनिटिडिनच्या नेहमीच्या मात्रेने ग्रहणीतले, म्हणजे जठराच्या पुढच्या आतड्यातले, व्रण टळत, खुद्द जठरातले टळत नसत. आपल्याकडे मात्र ‘दुखण्याची एक आणि पित्ताची एक’ ही जोडी याच गोळीने रूढ केली आणि पुढे कित्येक वर्षे ती तशीच चालली. अमेरिकेत रॅनिटिडिन एका घातक अशुद्धीच्या भयाने २०२० मध्ये बाजारातून काढण्यात आले; भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले.

खरा पहारेकरी ठरले ते ओमेप्राझोल, आणि त्याच्या मागून आलेली पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही मंडळी. ओमेप्राझोल १९८८ पासून वापरात आले. ते आम्ल तयार करणारा पंपच बंद करते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत वेदनाशामक चालू ठेवूनही व्रण भरून आणण्यात आणि पुन्हा होऊ न देण्यात ते रॅनिटिडिनपेक्षा सरस ठरले. मिसोप्रोस्टॉलच्या तुलनेत व्रण परतू न देण्यात ते पुढे राहिले, शिवाय अधिक सोसवणारेही ठरले. आज दीर्घकाळ वेदनाशामक घ्यावे लागणाऱ्या आणि धोका अधिक असलेल्या माणसाला याच वर्गातील गोळी सोबत देण्याची रीत जगभर मान्य आहे.

या कथेत मध्येच दोन वळणे आली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. त्याचे नोबेल २००५ मध्ये मिळाले. व्रण बहुधा जंतूमुळे होतो हे कळल्यावर वेदनाशामकांचा दोष कमी ठरेल असे काहींना वाटले. प्रत्यक्षात दोघे मिळून धोका वाढवतात असेच दिसले. हाँगकाँगच्या फ्रान्सिस चॅन यांनी दाखवले की गोळ्या सुरू करण्यापूर्वी जंतू नाहीसा केला तर व्रण कमी होतात. पण ज्यांना एकदा रक्तस्राव होऊन गेला आहे त्यांच्यासाठी तेवढे पुरत नाही: २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांपैकी केवळ जंतू मारलेल्यांत सहा महिन्यांत शंभरी सुमारे १९ जणांना पुन्हा रक्तस्राव झाला, ओमेप्राझोल घेणाऱ्यांत सुमारे ४ जणांना. भारतात हा जंतू फार जणांच्या पोटात वस्तीला आहे, म्हणून ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

दुसरे वळण अधिक दुःखाचे. १९९० च्या दशकारंभी कळले की प्रोस्टाग्लँडिन घडवणारी विकरे दोन आहेत; एक मुख्यतः जठराची राखण करणारे, दुसरे मुख्यतः दाह पेटवणारे. फक्त दुसऱ्याला रोखले तर? मोठ्या आशेने सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये बाजारात आली. २००० मध्ये आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत रोफेकॉक्सिबने पोटाचे गंभीर प्रसंग निम्म्यावर आणले. त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके मात्र नॅप्रोक्सेनच्या तुलनेत जास्त दिसले. तो इशारा बाजूला सारला गेला. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीला औषध जगभरातून मागे घ्यावे लागले आणि भारतातही त्याच वर्षअखेर त्यावर बंदी आली. पोटाच्या दारावर पहारा बसवताना हृदयाचे दार उघडे राहिले होते. हैदराबादच्या वादाची आठवण येथे पुन्हा येते: श्वासाकडे डोळे लावून बसलेल्यांना नाडी दिसली नव्हती.

हे सारे वसमतच्या शिवारापर्यंत कसे पोहोचले? त्याला एक कायदा कारण आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या पदार्थावरील पेटंट नाकारले आणि केवळ कृतीवरील पेटंट ठेवले. त्यामुळे परदेशी औषधे येथील कारखान्यांनी वेगळ्या कृतीने, स्वस्तात केली. २००५ पासून हा नियम बदलला. पण तोवर डायक्लोफिनॅक आणि आम्ल रोखणाऱ्या गोळ्या दोन्ही खेड्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. गरिबाला वेदनेपासून सुटका परवडू लागली, ही या कायद्याची पुण्याई. तिचे मोल कमी लेखू नये. मात्र गोळी जितक्या वेगाने गावात आली तितक्या वेगाने तिच्याबद्दलचे ज्ञान आले नाही.

ही तफावत कोणी पाहिलीच नाही असे नव्हे. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास केला आणि अनावश्यक इंजेक्शने, निरर्थक मिश्रणे यांवर बोट ठेवले. मराठवाड्यात तसा अभ्यास केला असता तर चित्र उजळ दिसले असते असे मानायला आम्ही धजणार नाही. त्यातच २००६ साली चिकुनगुन्या आला. १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेलेला हा आजार तीन दशकांनी परतला तो देशभर. त्या एका वर्षात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप आठवड्यात जाई, सांधे मात्र महिनोन्महिने धरलेले राहत. महाराष्ट्रातही, मराठवाड्यातही, घरोघर माणसे भिंतीला धरून चालत होती. मनुष्य अशा वेळी काय करतो? दुखण्याची गोळी घेतो, आणि गुण येतो म्हणून घेत राहतो. वेदनाशामक ही चार दिवसांची नव्हे तर वर्षभराची गोष्ट आहे, ही सवय अनेक घरांना त्या वर्षाने लावली, असे आम्हांला आमच्या भोवतालावरून वाटते.

अशा घरांत धोक्याची गणिते नकळत जुळून येतात. वय पासष्टच्या पुढे. पूर्वी कधी व्रण झालेला. गुडघ्यासाठी एका डॉक्टरची गोळी आणि कंबरेसाठी दुसऱ्याची, दोन्ही एकाच जातीच्या. हृदयासाठी रोजची बारीक ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध. आणि कोणा फिरत्या वैद्याची ‘निव्वळ झाडपाल्याची’ पूड, जिच्यात स्टिरॉइड मिसळलेले निघण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकत्र आले की धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. आणि या साऱ्यावर पडदा असा, की जी गोळी गुडघ्याची वेदना लपवते ती व्रणाची वेदनाही लपवू शकते. म्हाताऱ्या माणसाला पोटदुखी न होताच पहिला इशारा काळ्या शौचातून किंवा रक्ताच्या ओकारीतून मिळतो. आणि काळ्या शौचाबद्दल आपल्या घरांतली स्त्री बोलत नाही. या लाजेची गणना कोणत्याही चाचणीत झालेली नाही.

तर मग आजचे अनुपान काय? इतिहासाने दिलेले उत्तर असे आहे. दुखण्याची गोळी लागेल तेवढीच आणि लागेल तितकेच दिवस; जमेल तेथे आधी पॅरासिटामॉल किंवा गुडघ्यावर चोळायचे मलम. एका वेळी या जातीची एकच गोळी. दीर्घकाळ लागणार असेल आणि वरीलपैकी एखादा धोका असेल, तर आम्लाचा पंप रोखणारी गोळी रोज सोबत, जोवर ती चालू आहे तोवर. पूर्वी व्रण झालेला असेल तर जंतूची तपासणी आणि उपचार. ज्याला रक्तस्राव होऊन गेला आहे त्याने गोळीचा निर्णय डॉक्टरांबरोबर नव्याने करावा. हा नवा पहाराही सर्वव्यापी नाही, हे सांगितलेच पाहिजे: तो जठर आणि ग्रहणी राखतो; लहान आतडे, मूत्रपिंड आणि हृदय यांना या गोळ्यांपासून होणारा त्रास तो टाळत नाही. तो बसवला म्हणून निश्चिंत होणे ही जुन्या चुकीचीच नवी आवृत्ती ठरेल.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. हे सारे वाचून कोणी आपल्या घरातल्या वृद्धेची गोळी उद्या काढून घेईल तर ते आम्हांला मुळीच अभिप्रेत नाही. वेदना सोसणे हा काही सद्गुण नव्हे, आणि आपल्या समाजाने तो बायकांच्या माथी पुरेसा मारला आहे. शेगावहून निघालेली पालखी दरवर्षी सेनगाव-औंढ्याच्या वाटेने परभणीकडे जाते. पंढरीच्या वाटेवर अभंग म्हणत चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पिशवीत बुक्क्याच्या पुडीशेजारी गोळ्यांची एक स्ट्रिप असतेच असते. ती गोळी त्यांना चालवते. तिला सोबत देऊन चालू ठेवावे, एवढेच म्हणणे.

आमची मोठी आई आता हळद मोडायला बसत नाही. खाटेवर बसून सुनांना चुका दाखवते. व्रण भरून आला, जंतू निघाला, त्यावर औषध झाले. गुडघ्याला बहुतेक दिवस मलम पुरते. फार दुखले तर डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी घेते, अजूनही भाकरीनंतरच. त्यात गैर काही नाही. फक्त आता सकाळी चुलीवर तवा चढण्याच्या अर्ध्या तासापूर्वी, रिकाम्या पोटी, ती आणखी एक लहानशी गोळी घेते. पहिल्यांदा ती दिली तेव्हा तिने संशयाने विचारले होते, “उपाशीपोटी? नक्की का रे?” जन्मभर ऐकलेल्या पथ्याच्या हे अगदी उलट होते. आम्ही तिला व्हेन किंवा लॉरी सांगितले नाहीत. एवढेच म्हणालो, की पहिली गोळी पोटातल्या राखणदाराला झोपवते, म्हणून ही दुसरी आधीच जाऊन चोराचे हात बांधून ठेवते. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग हे त्या वेळी कोणी सांगितलं का नाही?”

या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. जे सांगायचे होते ते १९९८ पासून छापलेले होते.